इंग्रजीच्या शिक्षकांची कार्यशाळा

वैद्यकी करणाऱ्यानें पदवी मिळाल्यावर पुस्तक मिटून ठेवलें, तर त्याच्या हातीं आपली नाडी देण्यास कोणी धजणार नाहीं. वकिलालाहि नवे कायदे आणि नवे निकाल सतत डोळ्यांखालून घालावे लागतात. शिक्षकाच्या बाबतींत मात्र समाजाची समजूत पुष्कळ काळ निराळी होती. अध्यापनाची परीक्षा एकदां पदरांत पडली कीं पुढील तीस वर्षांची शिदोरी बांधली गेली, असें मानण्याचा प्रघात होता. ती समजूत आतां उरलेली नाहीं. नोकरींत असलेल्या शिक्षकांसाठीं सुटींत किंवा सत्राच्या मध्यें अल्प मुदतीचे वर्ग भरवावे, त्यांत त्यांनीं आपल्या विषयाची आणि अध्यापनाच्या रीतींची उजळणी करावी, हें आज सर्वमान्य झालें आहे. अशा वर्गांना हल्लीं कार्यशाळा म्हणतात. नांव अन्वर्थक आहे. सुताराच्या कार्यशाळेंत कोणी दिवसभर रंध्यावरील व्याख्यान ऐकत बसत नाहीं. तेथें लांकूड हातांत घ्यावें लागतें आणि रंधा चालवून पाहावा लागतो. इंग्रजीच्या शिक्षकांच्या कार्यशाळा ह्या नांवाला कितपत जागतात, आणि तेथून परतलेल्या शिक्षकाच्या वर्गांत पुढच्या सोमवारीं काय पालट दिसतो, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. कारण गांवोगांवच्या मुलांचें इंग्रजी त्या सोमवारावर अवलंबून असतें.

इंग्रजीच्या शिक्षकाची अडचण इतर विषयांच्या शिक्षकांहून वेगळी आहे. जी भाषा त्याला शिकवावयाची असते, ती बहुधा त्याच्या घरीं, बाजारांत किंवा गांवच्या चावडीवर कोणी बोलत नाहीं. मराठी मुलुखांत ही भाषा प्रथम रुजली ती ग्रंथांची आणि कचेरीची भाषा म्हणून. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या वाढल्या. नियम समजून घ्यावा, मराठी वाक्याचें इंग्रजी करावें, इंग्रजीचें पुन्हां मराठी करावें, अशी ती शिस्त होती. त्या शिस्तीला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. अचूक लिहिणारीं आणि समजून वाचणारीं पुष्कळ माणसें तिनें तयार केलीं. परंतु तोंड उघडून बोलण्याचा प्रसंग तींत क्वचितच येई.

पुढें अपेक्षा बदलल्या. महाराष्ट्रांत जून २००० पासून मराठी शाळांतून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी हा विषय सुरू झाला. ज्यांनीं स्वतः पांचवींत किंवा त्याहूनहि पुढें इंग्रजी मुळाक्षरें गिरविलीं होतीं, अशा शिक्षकांपुढें सहा वर्षांचीं मुलें येऊन बसलीं. ज्या मुलाला अजून मराठीहि लिहितां येत नाहीं, त्याला परकी भाषा शिकवावयाची तर ती बोलूनच शिकविली पाहिजे. शिक्षकानें जी भाषा जन्मभर वाचली पण क्वचितच बोलली, ती त्यानें बोलून शिकवावी, असा हा पेंच होता. ह्या पेंचांत सापडलेल्या माणसाला केवळ परिपत्रक पाठवून भागत नाहीं. त्याला कोणीतरी हात द्यावा लागतो. आणि कार्यशाळेचें खरें प्रयोजन तेंच आहे.

हात देण्याचे प्रयत्न भारतांत ह्यापूर्वींहि झालेले आहेत. इंग्रजीच्या अध्यापनासाठीं अलाहाबाद येथें १९५६ सालीं एक संस्था निघाली. हैदराबाद येथें १९५८ सालीं मध्यवर्ती इंग्रजी संस्था स्थापन झाली. १९६३ सालीं बंगलोर येथें दक्षिणेकडील राज्यांसाठीं प्रादेशिक संस्था उघडली. महाराष्ट्रांतहि औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपती संभाजीनगर, येथें ह्याच कामासाठीं राज्य शासनाची संस्था उभी राहिली. परंतु संख्येच्या दृष्टीनें सर्वांत धाडसी प्रयत्न झाला तो मद्रास राज्यांत. तेथें वाक्यांचे निवडक सांचे सोप्याकडून कठिणाकडे अशा क्रमानें शिकविण्याची नवी पद्धति स्वीकारण्यांत आली होती. ती पद्धति प्राथमिक शिक्षकांपर्यंत पोंचविण्याची मोहीम १९५९ सालीं ब्रिटिश कौन्सिलच्या साहाय्यानें सुरू झाली. शिक्षकांची संख्या होती सुमारें २७,०००. एवढ्यांना एका संस्थेंत बोलावणें अशक्य होतें. म्हणून अशी योजना ठरली कीं, थोड्या तज्ज्ञांनीं निवडक प्रशिक्षक तयार करावे, आणि त्या प्रशिक्षकांनीं जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन शिक्षकांचे वर्ग घ्यावे. ह्या मोहिमेला 'हिमगोल' असें नांव पडलें. बर्फाचा लहानसा गोळा उतारावरून सोडला कीं घरंगळतां घरंगळतां मोठा होत जातो, तसें हें ज्ञान वाढत जाईल, अशी त्यामागील आशा होती.

आशा उदात्त होती, आणि संख्येचा प्रश्न पाहतां दुसरा मार्गहि फारसा मोकळा नव्हता. आजहि शासनाच्या बहुतेक योजना ह्याच मार्गानें जातात. राज्याच्या ठिकाणीं कांहीं तज्ज्ञ मार्गदर्शक तयार होतात, ते जिल्ह्याच्या मार्गदर्शकांना शिकवितात, जिल्ह्याचे तालुक्याच्या, आणि तालुक्याचे शेवटीं शिक्षकांना. मात्र गोळा घरंगळतांना वाढतो, हा नियम बर्फाचा आहे; शिकवणुकीचा नियम बरेच वेळां उलट असतो. आग विझविण्यासाठीं विहिरीपासून माणसांची रांग उभी करून घागर हातोहात पुढें द्यावी, आणि प्रत्येक हाताशीं थोडें थोडें पाणी हिंदकळून शेवटच्या माणसाच्या हातीं निम्मीच घागर यावी, तसा प्रकार येथें घडतो. राज्याच्या ठिकाणीं दहा दिवस चाललेला वर्ग तालुक्यापाशीं येईतों तीन दिवसांचा होतो.

ह्यांत काय सांडतें तें नीट पाहिलें पाहिजे. जें डोळ्यांना दिसतें, तें शेवटपर्यंत पोंचतें. चित्रांचीं कार्डें पोंचतात, गाणीं पोंचतात, मुलांना गटांत कसें बसवावें हें पोंचतें, 'धिस इज अ बुक' हें वाक्य सर्व वर्गाकडून एका सुरांत कसें म्हणवून घ्यावें हेंहि पोंचतें. सांडतो तो हेतु. हें वाक्य ह्याच वेळीं कां घ्यावयाचें, मुलांना तें म्हणावयाची गरज वाटेल असा प्रसंग कसा निर्माण करावयाचा, आणि मुलें चुकलीं तर त्या चुकीचा अर्थ काय समजावयाचा, ह्या गोष्टी हातोहात देतां येत नाहींत. त्या ज्याच्या त्यानें करून पाहून मिळवाव्या लागतात. हेतु सांडला कीं उरतो तो सांचा. आणि सांच्यांतून काढलेला धडा पहिले चार दिवस नवा दिसला, तरी नव्याचे नऊ दिवस संपतांच जुन्या धड्यासारखाच निर्जीव होतो.

हा अनुभव एकट्या भारताचा नाहीं. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स ह्या अमेरिकन अभ्यासकांनीं नोकरींतील शिक्षकांच्या प्रशिक्षणावर झालेलें संशोधन तपासून १९८० सालीं आपले निष्कर्ष मांडले. प्रशिक्षणाच्या त्यांनीं पांच पायऱ्या सांगितल्या. पहिली, तत्त्व समजावून देणें. दुसरी, तें प्रत्यक्ष करून दाखविणें. तिसरी, शिक्षकाकडून त्याचा सराव करून घेणें. चौथी, त्या सरावाबद्दल त्याला उघड अभिप्राय देणें. आणि पांचवी, तो आपल्या वर्गांत परत गेल्यावर तेथें त्याला साथ देणें. पहिल्या दोन पायऱ्यांनीं माहिती मिळते आणि उत्साह येतो. परंतु नवी रीति वर्गांत टिकून राहावी, तर शेवटच्या पायऱ्या चुकवून चालत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. पोहण्याचें शास्त्र काठावर उभें राहून ऐकलेल्या माणसाला पाण्यांत पहिल्यांदा उतरतांना शेजारीं कोणी लागतो, हें तर कोणीहि सांगेल. तरी पुष्कळ कार्यशाळा दुसऱ्या पायरीवर संपतात, आणि शिक्षक एकटाच पाण्यांत उतरतो.

ह्या विषयांत भारतांतून निघालेला एक विचार जगभर पोंचला. त्याचे कर्ते एन्. एस्. प्रभु. बंगलोरच्या प्रादेशिक संस्थेंत झालेल्या विचारविनिमयांतून त्यांनीं १९७९ ते १९८४ ह्या काळांत दक्षिणेंतील कांहीं शाळांत एक प्रयोग चालविला. व्याकरणाचे सांचे क्रमानें शिकविण्याऐवजीं मुलांपुढें इंग्रजींतून सोडविण्याजोगें एखादें कोडें ठेवावें, अशी त्यांतील कल्पना होती. रेल्वेचें वेळापत्रक द्यावें, आणि अमुक गांवीं दुपारपूर्वीं पोंचावयाचें तर कोणती गाडी पकडावी, असें विचारावें. प्रथम सर्व वर्गानें मिळून एक कोडें सोडवावें, मग प्रत्येकानें तशाच प्रकारचें दुसरें कोडें स्वतंत्रपणें सोडवावें. मन उत्तर शोधण्यांत गुंतलें असतां भाषा आपोआप अंगवळणी पडते, असें प्रभूंचें प्रतिपादन होतें. ह्या प्रयोगाची हकीकत त्यांनीं १९८७ सालीं ग्रंथरूपानें मांडली, आणि परदेशांतील अभ्यासकांनीं तिची दखल घेतली.

प्रयोगाची पारख करणाऱ्यांना मात्र एक लक्षणीय गोष्ट आढळली. अॅलन बेरेटा ह्यांनीं १९९० सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं, प्रयोगाच्या प्रवर्तकांपैकीं जे स्वतः वर्ग घेत होते, त्यांना ती रीति चांगली साधली. पण शाळांतील नेहमींच्या शिक्षकांपैकीं बहुतेकांना ती पुरतेपणीं आपलीशी करतां आली नाहीं. रीति तीच होती आणि वयोगटहि तसाच होता. फरक होता तो इतकाच कीं, पहिल्यांच्या मनांत ती रीति उगवली होती, आणि दुसऱ्यांच्या हातीं ती तयार आली होती.

त्याच १९९० सालीं प्रभूंनीं एका निबंधांत जो सिद्धान्त मांडला, तो ह्या घटनेचा जणू उलगडाच आहे. सर्वांना सर्व ठिकाणीं लागू पडेल अशी उत्तम अध्यापनपद्धति कोणतीहि नाहीं, असें त्यांनीं प्रतिपादन केलें. प्रत्येक शिक्षकाच्या मनांत अनुभवानें एक प्रतीति घडत असते: आपण असें केलें म्हणजे मुलें अमुक तऱ्हेनें शिकतात, ही ती प्रतीति. ती जोंपर्यंत जिवंत असते, तोंपर्यंत शिक्षक आपल्या कामांत गुंतलेला असतो, आणि त्याचें शिकविणें मुलांपर्यंत पोंचतें. ती गोठली म्हणजे उत्तमांतील उत्तम पद्धतीहि यंत्रासारखी चालते. अध्यापनाचा खरा वैरी वाईट पद्धति हा नसून हा यांत्रिकपणा आहे, असा प्रभूंच्या म्हणण्याचा इत्यर्थ. कार्यशाळेचें काम काय, ह्याचें उत्तर ह्या विचारांत मिळतें. शिक्षकाच्या हातीं तयार पद्धति ठेवून त्याला परत पाठविण्यानें तें काम पुरें होत नाहीं. त्याची स्वतःची प्रतीति जागी करणें, इतरांच्या प्रतीतीशीं तिची गांठ घालून देणें, आणि ती पुन्हां गोठूं नये अशी तजवीज करणें, हें तें काम.

व्यवहारांत हें कसें साधेल? समजा, तालुक्यांतील वीस शिक्षक एकत्र जमले आहेत. बाहेरून आलेल्या तज्ज्ञानें व्याख्यान देण्यापूर्वीं प्रत्येक शिक्षकानें आपल्या वर्गांतील मुलांच्या वह्या समोर मांडाव्या. वीस शाळांच्या वह्या एकत्र पाहिल्या कीं चुकांचीं कुळें चटकन् ओळखूं येतात. कोठें 'द' हा शब्द गळलेला असतो. कारण मराठींत त्याला जोडच नाहीं. कोठें 'ऑन' हा शब्द नामाच्या मागून येतो. कारण 'टेबलावर' म्हणतांना मराठी मूल आधीं टेबल सांगतें आणि मग वर, तर इंग्रज मूल आधीं वर सांगतें आणि मग टेबल. कोठें 'ही गो' असें लिहिलेलें असतें. येथें एखादा अनुभवी शिक्षक म्हणेल कीं, मराठी मुलाला ही गोष्ट अवघड जाऊं नये. 'तो जातो, ती जाते, ते जातात' असें तो रोज बोलतो, कर्त्याप्रमाणें क्रियापद बदलतें हें त्याला जन्मतः ठाऊक आहे, तेव्हां त्याच ठिकाणाहून धड्याला आरंभ करावा. दुसरा म्हणेल कीं, उच्चाराचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. मराठींतील एकाच 'व'च्या ठिकाणीं इंग्रजींत दोन ध्वनि आहेत. एकांत वरचे दांत खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्यांत ओठांचा चंबू होतो. दोन पैशांचा आरसा मुलांच्या हातीं दिला तर हा भेद व्याख्यानावांचून समजतो.

अशा चर्चेंतून एक पाठ तयार व्हावा. दोघांनीं तो तेथेंच सहकाऱ्यांना मुलें समजून घेऊन दाखवावा, आणि इतरांनीं स्नेहानें पण स्पष्टपणें त्यांतील उणीवा सांगाव्या. पुढील आठवड्यांत सर्वांनीं तो आपापल्या वर्गांत घ्यावा, आणि महिन्याभरानें पुन्हां वह्या घेऊन एकत्र यावें. कोणाचा पाठ साधला, कोणाचा फसला, ह्याचा हिशेब तेथें मांडावा. बंगलोरच्या प्रयोगांतील रेल्वेचें वेळापत्रक घेऊन एखाद्यानें एस्. टी. स्थानकावरील फलकाचा पाठ केला असेल. दुसऱ्याच्या वाडीला दिवसांतून एकच गाडी येत असेल, म्हणून त्यानें आठवड्याच्या बाजाराचे भाव घेतले असतील. ह्या बदलांतच पद्धति शिक्षकाची स्वतःची झाल्याची खूण आहे.

ह्या मार्गांतील सर्वांत मोठा अडसर पैशांचा किंवा वेळेचा नाहीं. तो संकोचाचा आहे. इंग्रजी ही भाषा ह्या देशांत विद्वत्तेची आणि प्रतिष्ठेची खूण समजली जाते. तींत चुकणें म्हणजे समाजांत पत गमावणें, अशी भीति शिक्षकाच्याहि मनांत असते. मराठी वाक्य चुकलें तर हंसणारे दोघे असतील. इंग्रजी वाक्य चुकलें तर दहाजण तें चारचौघांत सांगतील. म्हणून कार्यशाळेंत मागच्या बांकावर बसून, विचारलें तर मान हलवून, सही करून घरीं जाणारे शिक्षक पुष्कळ असतात. त्यांना आळशी म्हणणें अन्यायाचें आहे. ज्यांच्या वर्गांतील मुलें त्याच भीतीनें गप्प बसतात, त्यांनीं स्वतः ती भीति ओलांडण्याचा अनुभव घेतल्यावांचून मुलांना ती ओलांडावयास कसें शिकवावें? चूक करण्याची मोकळीक आधीं शिक्षकाला मिळाली, तरच ती पुढें मुलांपर्यंत पोंचेल.

ही मोकळीक शंभर माणसांच्या सभागृहांत मिळत नाहीं. ती ओळखीच्या दहा-वीस माणसांत मिळते. म्हणूनच अलीकडील कांहीं योजनांनीं लहान गटांकडे लक्ष वळविलें. महाराष्ट्र शासन, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल ह्यांनीं मिळून २०१६ च्या सुमारास कांहीं जिल्ह्यांत 'तेजस' नांवाचा उपक्रम चालविला. त्यांत प्राथमिक शिक्षकांचे लहान गट आपल्या परिसरांतच वेळोवेळीं जमत, एकमेकांचे अनुभव ऐकत आणि वर्गांत करावयाच्या कृतींचा सराव करीत. केंद्रावर शिक्षकांच्या शिक्षण परिषदा भरविण्याची रीतहि महाराष्ट्रांत रुळलेली आहे. तेथील कांहीं वेळ परिपत्रकांच्या वाचनापासून वांचविला, तर ह्याच कामासाठीं वेगळी वास्तु शोधावी लागणार नाहीं. शिक्षकांच्या स्वतःच्या संघटनांचाहि ह्यांत वाटा आहे. भारतांतील इंग्रजीच्या शिक्षकांची संघटना १९६९ सालापासून काम करीत आली आहे.

नभोवाणीचाहि येथें उल्लेख केला पाहिजे. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस ह्या संस्थेनें 'वुई लर्न इंग्लिश' ही पाठमाला तयार केली, आणि ती आकाशवाणीवरून शाळांपर्यंत गेली. ध्वनिक्षेपकांतून प्रश्न येई, मुलें उत्तर देत, आणि वर्गांत उभा असलेला शिक्षकहि त्यांच्याबरोबर ऐके व बोले. मुलांच्या देखत, मुलांच्या सोबतीनें, कोणाच्या नजरेंत न भरतां शिक्षकाचें बोलणें सुधारण्याची ही सोय मोठी मार्मिक होती.

राहतां राहिला प्रश्न वरिष्ठांचा. कार्यशाळा झाली कीं तिचा अहवाल वर जातो. किती दिवस, किती शिक्षक, किती साहित्य वांटलें, इतकें त्यांत असतें. हे आंकडे खोटे नसतात, परंतु कार्यशाळेचा निकाल त्यांत लागत नाहीं. द्विशिक्षकी शाळेंतला एक शिक्षक पांच दिवस बाहेर गेला, तर दुसऱ्यानें चार इयत्ता कशा सांभाळाव्या, ह्याची व्यवस्था आधीं झाली पाहिजे. परत आलेल्या शिक्षकाला नवा पाठ करून पाहण्यास आणि प्रसंगीं तो फसूं देण्यास मुख्याध्यापकाचें पाठबळ हवें. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यानें त्या दिवशीं वर्ग शांत होता कीं नाहीं एवढेंच न पाहतां, मुलें बोलत होतीं कीं नाहीं हें पाहावें. एवढें घडलें, तर लहान कार्यशाळाहि वाया जात नाहीं. एवढें न घडलें, तर पंचतारांकित सभागृहांतील कार्यशाळाहि पालथ्या घड्यावरील पाण्यासारखी आहे.

ह्या साऱ्यांत कोणाचें काय पणाला लागलें आहे, तें शेवटीं ध्यानांत ठेवलें पाहिजे. ज्या घरांत इंग्रजी पुस्तकें आहेत आणि इंग्रजी जाणणारे वडील आहेत, तेथील मुलाला शाळेनें कमी दिलें तरी घर भरून काढतें. ज्याचे आईबाप ऊसतोडणीला गेले आहेत, त्या मुलाला इंग्रजीचा एकच झरा आहे, आणि तो म्हणजे त्याच्या गांवच्या शाळेंतील शिक्षक. कोणी सांगावें, त्याच मुलाला पुढें रुग्णालयांत, न्यायालयांत किंवा कारखान्यांत एक साधा इंग्रजी कागद वाचतां न आल्यामुळें मान खालीं घालावी लागेल. तो झरा वाहता ठेवणें हें शासनाचें, संस्थांचें आणि समाजाचें काम आहे. पण त्यावर साचलेली माती दूर करण्यास पहिला हात शिक्षकालाच घालावा लागतो. चार सहकाऱ्यांसमोर उभा राहून, अडखळत कां होईना, जो शिक्षक आपलें पहिलें इंग्रजी वाक्य निर्भयपणें उच्चारतो, त्याच्या वर्गांतील मुकें मूलहि एक दिवस बोलूं लागल्यावांचून राहणार नाहीं.